गुडघा निखळला, एक्स-रे नॉर्मल, पण पाऊल गार: पायाच्या रक्तवाहिनीच्या दुखापतीबद्दल

रानजाई
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ कराड-चिपळूण रस्त्यावर बाईकवरून पडला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण गुडघा भलत्याच बाजूला वाकला आणि उचलेपर्यंत आपोआप जागेवरही आला. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, लिगामेंट गेलं असेल म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं, इंजेक्शन दिलं आणि सकाळी एमआरआय करू म्हणून सांगितलं. रात्री मावशी पायावर पांघरूण घालायला गेली तर एक पाऊल कोमट आणि दुसरं गार, आणि त्याला बोटं हलवता येईनात. बँडेज घट्ट असेल म्हणून ते सैल केलं. पहाटे ड्युटीवर आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली आणि तिथल्या तिथे अँब्युलन्स बोलवायला सांगितली. पुढे मोठ्या शहरात व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जननी दुसऱ्या पायातली शीर काढून गुडघ्यामागे जोडली, पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरे देऊन ती उघडीच ठेवली, नंतर मांडीची कातडी काढून लावली. पाय वाचला. पण आता पाऊल वर उचलता येत नाही, चालताना खाली लोंबतं.

मला विचारायचंय ते असं की हे पाऊल परत उचललं जाईल का, आणि पुढे काय काय काळजी घ्यायची. आणि सांगायचंय ते त्याहून जास्त कळकळीने. छातीत दुखलं की ईसीजी काढा हे आता खेड्यातल्या आजीलाही माहीत आहे. तसंच पायाला जोराचा मार लागला की "पावलाला नाडी लागतेय का" हे विचारायचं, एक्स-रे कसाही येवो, हे घराघरात माहीत हवं. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

चकलीचा_तुकडा
रुमाल टाकून ठेवतो. भावाला लवकर आराम पडो.

हाडांची_डागडुजी
रानजाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, विदर्भात. गुडघा पूर्ण निखळणं आणि वाटी सरकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, वाटी सरकते ते तुलनेने किरकोळ. पूर्ण निखळलेला गुडघा बऱ्याचदा रस्त्यावरच आपोआप बसतो, मग एक्स-रेत काही दिसतच नाही आणि सगळे गाफील राहतात. गुडघ्यामागून जी मोठी धमनी जाते, पॉप्लिटियल, ती वर मांडीच्या स्नायूपाशी आणि खाली पोटरीच्या स्नायूपाशी जखडलेली असते, त्यामुळे सांधा निखळला की तिला सरकायला जागाच नसते, ती ताणली जाते.

धमनी तुटलीच पाहिजे असंही नाही. कोटाचं अस्तर आतून फाटलं की बाहेरून कोट धडधाकट दिसतो पण हात घालताना अडकतो ना, तसं धमनीचं आतलं अस्तर फाटतं आणि तिथे रक्ताची गुठळी धरते. कधी लगेच, कधी काही तासांनी. म्हणून आल्या आल्या नाडी लागली म्हणून फाइल बंद करायची नसते, रात्रभर परत परत बघायची असते. गुडघ्याखालच्या हाडाचं वरचं टोक चिरडलं, म्हणजे गाडीचा बंपर लागून होतं ते फ्रॅक्चर, त्यातही हेच.

आजीचा_बटवा
पण नाडी नक्की कुठे बघायची? मनगटाची माहीत आहे, पायाची कधी बघितली नाही.

हाडांची_डागडुजी
दोन जागा. एक, पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलला की जी दोरी ताठ होते तिच्या लगेच बाहेरच्या अंगाला. दुसरी, आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागे. तीन बोटं हलकी ठेवायची, दाबून धरलं तर आपल्याच बोटाची नाडी लागते. वरची नाडी काही निरोगी माणसांतही हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही जागा बघायच्या आणि चांगल्या पायाशी तुलना करायची. आत्ता घरी कुणाच्याही पायावर करून बघा, एकदा सापडली की विसरत नाही.

शेंगदाण्याची_चटणी
हा प्रतिसाद वाचून अख्खं घर एकमेकांचे पाय धरून बसलंय. सासूबाई म्हणाल्या जावयाने आज न सांगता नमस्कार केला 😀 पण सापडली हो, चौघांचीही.

कोविडमधला_डबा
ऑक्सिमीटर घरोघरी पडून आहेत, तोच पायाच्या अंगठ्याला लावला तर?

ओपीडी_संपली
कोविडमधला_डबा, रीडिंग आलं नाही तर घंटा वाजली समजा. पण रीडिंग आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. छोट्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून थोडं रक्त झिरपत असतं, नखही गुलाबी दिसतं आणि तरी पोटरीचे स्नायू उपाशी असतात.

मी व्हॅस्क्युलर सर्जन, पुण्यात. आमच्याकडे सोपी चाचणी आहे, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या, हातातल्या छोट्या डॉपलर मशीनने घोट्याचं बीपी मोजायचं आणि त्याला हाताच्या बीपीने भागायचं. ०.९ च्या खाली आलं की सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करायचा. पण रक्ताची चिळकांडी उडतेय, सूज डोळ्यांदेखत वाढतेय, किंवा पाऊल गार, पांढरं, नाडीच नाही अशी उघड लक्षणं असतील आणि जखम एकाच ठिकाणी असेल तर सीटीच्या रांगेत वेळ न घालवता थेट ऑपरेशन थिएटर.

वेळ किती, हे लोक नेहमी विचारतात. साधारण ६ तास धरतात. ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, बाजूच्या रक्तवाहिन्या चांगल्या असतील तर जास्त वेळ मिळतो, बीपी पडलेलं असेल तर कमी. पण घड्याळ अपघाताच्या क्षणापासून चालू होतं, ऑर्थोच्या ओपीडीत नंबर लागल्यापासून नाही. वाटेत दोन-तीन हॉस्पिटलं फिरण्यात वेळ जातो, दुर्दैवाने हेच बहुतेकांचं होतं.

रानजाई
डॉक्टर, ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात ते सांगाल का? आम्हाला सही करताना सांगितलं होतं पण तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही.

ओपीडी_संपली
सांगतो. आधी दोन्ही पाय रंगवून निर्जंतुक करतो, कारण शीर चांगल्या पायातून घ्यायची असते. मार लागलेल्या पायातली खोल शीरही फाटलेली असू शकते, मग परतीचं रक्त न्यायला तिथली वरवरची शीरच उरते, ती काढून कसं चालेल. धमनी शोधायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प, खराब झालेला तुकडा कापून टाकायचा. मग फोगार्टी कॅथेटर, टोकाला इवलासा फुगा असलेली बारीक नळी, ती खालपर्यंत घालून फुगा फुगवून ओढली की गुठळ्या बाहेर येतात. फोगार्टींनी पहिला फुगा रबरी हातमोज्याच्या बोटाचा केला होता आणि मासेमारीच्या छंदातल्या गाठी वापरून तो नळीला बांधला होता. १९६३ पासून ती नळी जगभर वापरात आहे. मग काढलेली शीर उलटी फिरवून जोडतात, कारण शिरेत झडपा असतात, त्या सुलट ठेवल्या तर रक्त अडवतील. टाके केसासारख्या धाग्याने.

हाडही मोडलेलं असेल तर आधी हाड की आधी रक्त हा जुना वाद.

हाडांची_डागडुजी
वाद कसला, आधी शंट! प्लास्टिकची तात्पुरती नळी दोन टोकांत बसवा, रक्त चालू करा, मग आम्ही बाहेरून रॉड लावून हाड स्थिर करतो, मग तुम्ही सावकाश तुमचं भरतकाम करा.

ओपीडी_संपली
मान्य. आणि भरतकाम शब्द अगदी बरोबर वापरलात, फ्रेंच सर्जन अलेक्सिस कॅरेल हे टाके घालायला लिआँमधल्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकले असं सांगतात. १९१२ चं नोबेल मिळालं त्यांना.

सांगलीकर_दादा
आमच्या भागातलं एक सांगतो. शेजारच्या गावातल्या एकाला बैलाने जांघेत शिंग मारलं. बाहेर जखम एवढीशी, दोन टाके घालून घरी आणलं, हळद लावली. पंधरवड्याने जांघेत लिंबाएवढी गाठ आली, सगळे म्हणाले पू झाला असणार, फोडून घ्या. नशीब की ज्या डॉक्टरांकडे नेला त्यांनी सुरी हातात घ्यायच्या आधी गाठीवर हात ठेवला. गाठ ठणकत होती, नाडीबरोबर उडत होती. सोनोग्राफीत कळलं की धमनीला भोक पडून तिथे रक्ताचा फुगा झालाय. फोडली असती तर टेबलावरच गेला असता माणूस. ऊसतोडीत कोयता मांडीला लागतो तेव्हाही हे लक्षात ठेवा, आणि गाठीला कुणाकडून मालिश तर अजिबात नको.

मिनेसोटाची_मावशी
मी इथे ट्रॉमा आयसीयूत नर्स आहे. आमच्याकडे असा पेशंट आला की पहिल्या दिवशी दर तासाला पायाची तपासणी कागदावर लिहायची असते. रंग, ऊब, नाडी हाताने की डॉपलरने, बोटं हलतात का, अंगठ्याच्या बेचक्यात स्पर्श कळतो का. नाडी लागली ती जागा पेनने फुली मारून ठेवतो म्हणजे पुढच्या शिफ्टची मुलगी तिथेच बोट ठेवते. यात महागडं काही नाही, पेन आणि शिस्त. भारतात प्रत्येक वॉर्डात हे आज होऊ शकतं, रानजाईच्या मावशीने पांघरूण घालताना जे केलं ते कागदावर आणायचं एवढंच.

मेळघाटातून
सगळं ठीक आहे, पण हा धागा पुण्या-मुंबईच्या अंगाने चाललाय. आमच्याकडून व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या शहरात पोचायलाच तुमचे सहा तास संपतात. इथल्या पेशंटला "नाडी बघा" सांगून काय उपयोग? नाडी नाही हे कळलं, पुढे काय?

ओपीडी_संपली
मेळघाटातून, राग समजू शकतो. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, लवकर कळलं तर मधली दोन हॉस्पिटलं गाळून थेट निघता येतं, फोन करून पुढच्यांना थिएटर तयार ठेवायला सांगता येतं. त्यात वाचणारा वेळ फार मोठा असतो. दोन, जिल्ह्याच्या जनरल सर्जननी शंट शिकावा. खास शंट नसेल तर निर्जंतुक केलेली लहान बाळांची फीडिंग ट्यूब किंवा सलाइन सेटची नळी कापून वापरतात आणि ती चालते. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, पोटरी चिरा देऊन मोकळी करायची आणि मग पाठवायचं. पाय वाटेत जिवंत राहतो. मी हे तरुण सर्जनना शिकवतो, अवघड नाही.

मेळघाटातून
हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं. आमच्या इथल्या सर्जनना दाखवतो.

फौजी_साताऱ्याचा
इतिहास थोडा. दुसऱ्या महायुद्धात फाटलेली धमनी बहुतेक वेळा बांधूनच टाकत. डिबेकी आणि सिमिओनी या अमेरिकन सर्जननी १९४६ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या २४७१ धमनी-जखमांचा आढावा छापला, त्यात धमनी बांधलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अवयव गेला, गुडघ्यामागची धमनी असेल तर शंभरात ७० हून जास्त पाय गेले. कोरियाच्या युद्धात धमनी शिवायला लागले, हेलिकॉप्टर आलं, तर एकूण प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. माणसं तीच, पाय तेच, वेळ आणि टाके बदलले.

आणि टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा. रक्ताची चिळकांडी उडत असेल तर आधी जखमेत स्वच्छ कापड कोंबून दोन्ही हातांनी वजन टाकून दाबा. थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टा बांधून काठीने पिळा. दोरी किंवा वायर नको. वेळ लिहा, कपाळावर लिहा पाहिजे तर. आणि मधेमधे सोडून "रक्त जाऊ दे जरा" हे करू नका, त्याने माणूस जातो. जीव आधी, पाय नंतर.

आजीचा_बटवा
मला तर शाळेत शिकवलं होतं की दर पंधरा मिनिटांनी सैल करायचा!

ओपीडी_संपली
जुनी शिकवण आहे, आता विसरा. फौजी म्हणतात ते बरोबर, सोडायचा तो हॉस्पिटलात. दोन तासांपर्यंत सहसा पायाला कायमचं नुकसान होत नाही. पण नाडी नाही आणि रक्तस्रावही नाही, तिथे टुर्निके अजिबात नको. अशा पायाला गरम पाण्याची पिशवी नको, त्याला चटका कळत नाही, लगेच भाजतो. बर्फ नको, चोळणं नको, आणि सूज उतरेल म्हणून उशांवर उंच चढवूनही ठेवू नका, सरळ समपातळीत फळीला बांधा.

एका_पायावर
मी थोडं वेगळं बोलणार आहे. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. ट्रकखाली आला होता. आधी वाचवला, मग जंतुसंसर्ग, मग परत ऑपरेशन, परत, शेवटी काढला. धाग्यावर सगळे "पाय वाचला" म्हणजे जिंकलो असं लिहितायत. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण माझ्या घरच्यांनी जमीन विकली त्या वाचवण्यात. पाय काढल्यावर काही महिन्यांत मी जयपूर फूटवर चालायला लागलो, आज दुकान चालवतो. डॉक्टरांनी पाय काढायचा म्हटलं की नातेवाईक त्यांच्या अंगावर धावून जातात, ते थांबवा, नीट ऐकून घ्या.

हाडांची_डागडुजी
एका_पायावर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात गरजेचा आहे. अमेरिकेत ५६९ रुग्णांवर लीप नावाचा अभ्यास झाला, २००२ मध्ये छापला गेला. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, दोन वर्षांनी दोघांच्या कामकाजात ठळक फरक नव्हता. वाचवलेल्यांना परत परत भरती मात्र जास्त व्हावं लागलं. पायाची दुखापत किती गंभीर हे मोजायला आम्ही मेस नावाचा स्कोअर मांडतो, ७ किंवा वर गेला की पाय वाचणं अवघड असं समजायचे, पण आता नुसत्या आकड्यावर कुणी पाय काढत नाही. तळपायाला संवेदना नाही म्हणून लगेच काढा हेही आता मानत नाहीत, ती बरेचदा परत येते.

फौजी_साताऱ्याचा
कृत्रिम पायाबद्दल भर घालतो, पुण्यातलं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, सैन्याचं.

रानजाई
एका_पायावर दादा, मनापासून धन्यवाद. आमच्याकडेही तिसऱ्या दिवशी तो शब्द निघाला होता. त्याची लघवी काळपट लाल झाली होती, किडनीचं काहीतरी, डायलिसिस लागेल की काय अशी अवस्था. मावशी एवढंच म्हणाली, पोरगा घरी आणा, कसाही.

ओपीडी_संपली
बराच वेळ उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त परत सुरू झालं की तिथला कचरा, पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन, सगळ्या शरीरात जातो. किडनी बंद पडू शकते, हृदयाचे ठोके चुकू शकतात. म्हणून उशीर झालेल्या पायात रक्त सुरू करणं हेच कधी जिवावर बेततं आणि पाय काढणं हा जीव वाचवायचा मार्ग असतो.

पोटरीच्या चिऱ्यांबद्दलही सांगतो कारण ते बघून नातेवाईक घाबरतात. पोटरीत स्नायूंचे चार कप्पे असतात, वेष्टण न ताणणारं. रक्त परतल्यावर स्नायू सुजतात आणि कप्प्यातच घुसमटतात. दोन्ही बाजूंनी चिरून चारही कप्पे मोकळे करावे लागतात. चिरे नसतील दिलेले आणि पोटरी दगडासारखी टणक झाली, इंजेक्शन देऊनही कळ थांबत नाही, बोटं नुसती वर ओढली तरी पेशंट ओरडतो, तर अर्ध्या रात्री डॉक्टरांना उठवा.

वकिलीण_बाई
उपयोगी माहिती म्हणून लिहिते. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस-कोर्टाची भीती असते, ती काढून टाका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटर वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. आणि मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातात ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत. व्हॅस्क्युलरचा खर्च यात पूर्ण बसेलच असं नाही, पण पहिल्या रात्री डिपॉझिटसाठी अडून राहू नका, योजनेचं नाव घेऊन विचारा.

चकलीचा_तुकडा
वाचनखूण साठवली. एक शंका, हृदयात घालतात तसा स्टेंट पायात नाही का घालता येत? चिरफाड वाचेल.

ओपीडी_संपली
काही ठिकाणी घालतो. मांडीतल्या खोल फांदीतून रक्त वाहत असेल तर कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, टाकून बंद करतो, सांगलीकरांनी सांगितली तसली गाठही कधी कधी आतूनच सोडवता येते. पण गुडघ्यामागे पाय दिवसातून शेकडो वेळा वाकतो, मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, तिथे स्टेंट मुडपतो. तरुण माणसात स्वतःचीच शीर उत्तम.

फिजिओ_ताई
मूळ प्रश्न राहूनच गेला की! रानजाई, पाऊल लोंबतं म्हणजे फूट ड्रॉप. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने एक मज्जातंतू जातो, निखळताना तोही ताणला गेला असणार, किंवा नडगीच्या पुढचे स्नायू उपाशी राहून गेले असतील. नक्की काय ते ईएमजीत, म्हणजे स्नायू-मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीत, कळतं, ते झालं नसेल तर करून घ्या. मज्जातंतू ताणला असेल आणि तुटलेला नसेल तर आशा आहे, पण तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिने लागणार. तोवर घोटा कडक होऊ द्यायचा नाही हेच मुख्य काम. पाऊल टॉवेलने स्वतःकडे ओढायचं, रोज, अनेकदा. टाच आखडली तर मज्जातंतू परत येऊनही उपयोग नाही.

नाहीच आला परत, तर मागचा स्नायू चांगला असेल तर त्याचा टेंडन पुढे वळवून जोडतात, कुष्ठरोगाच्या पेशंटमध्ये हे वर्षानुवर्षं केलं जातंय. स्पर्श कमी असेल तर अनवाणी नको, रोज रात्री तळवा बघायचा.

रानजाई
ताई, पाऊल वर धरून ठेवणारा एएफओ नावाचा प्लास्टिकचा आधार सांगितलाय, पण तो घातला की कातडी लावलेली जागा लाल होते. आणि गोळ्या?

ओपीडी_संपली
ॲस्पिरिन तुमच्या सर्जननी सांगितल्याशिवाय बंद करू नका, दात काढायलाही परस्पर थांबवू नका. डॉपलर त्यांनी दिलेल्या तारखांना करा. सिगारेट, तंबाखू, मिश्री, काहीही असेल तर आजच बंद, जोडलेली शीर त्यानेच बुजते. लिगामेंटचं ऑपरेशन पुढे होईल तेव्हा त्या डॉक्टरांना शीर जोडलेली आहे हे आधी सांगायचं, पायाला टुर्निके बांधायच्या आधी.

फिजिओ_ताई
रेडिमेड एएफओ घेतलाय का? तो परत करा, ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे असे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, पायाचं माप देऊन करून घ्या, कातडी लावलेल्या जागी आतून मऊ फोम द्यायला सांगा आणि पट्टा त्या जागेच्या वर किंवा खाली घ्यायला सांगा. आत शिवण नसलेला सुती मोजा. सुरुवातीला थोडा वेळ घालायचा, काढून बघायचं, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर परत माप. कराडहून सातारा किंवा कोल्हापूर जवळ पडेल, मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओ विभागात विचारा, ते ऑर्थोटिस्टचं नाव सांगतात.

रानजाई
रेडिमेडच आहे. उद्याच मावशीला सांगते, शुक्रवारी ड्रेसिंगला जायचंच आहे तेव्हा मापही देऊन येतील.